एका कोयत्यात माणसं किती?

तेरला गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन तुम्ही घेतले असेलच. चैत्र वद्य त्रयोदशीच्या यात्रेला नसेल, तर जाता-येता एखाद्या एकादशीला. दर्शन झाले, प्रसाद घेतला, की आपण गाडीला लागतो. गावातल्या संग्रहालयात मात्र शंभरातले पाच-दहा जण तरी जातात की नाही, शंकाच आहे. पुढच्या खेपेला तासभर काढाच. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या शिवारात सापडणाऱ्या जुन्या वस्तू एकेक करून जपल्या आणि त्यातून हे संग्रहालय उभे राहिले. दुहेरी साच्यात घडवलेल्या पोकळ मातीच्या बाहुल्या आहेत, मणी आहेत, दिवे आहेत, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत. दुसरा कोणी असता तर खापरं म्हणून उकिरड्यावर गेली असती.

या खापरांवरूनच आज जगाला तेरची माहिती आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव ‘तगर’ नावाची मोठी पेठ होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. इथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदराला जाई, असेही त्यात आहे. फ्लीट नावाच्या अभ्यासकाने १९०१ साली तगर म्हणजेच तेर हे मांडले. पुढे १९५८ मध्ये चापेकरांनी इथे उत्खनन केले.

आता तुम्ही म्हणाल, मजुरांवरच्या लेखात हे पुराण कशाला? सांगतो. त्या पुस्तकात कापड आहे, गाड्या आहेत, बंदर आहे. कापड विणले कोणी, बाहुल्या थापल्या कोणी, त्या माणसांना काय मिळत होते, याचा एक शब्द नाही. माल मोजला गेला, माणूस मोजायचा राहिला. दोन हजार वर्षांत फार फरक पडला असे समजू नका. दसरा-दिवाळी झाली की आपल्याच जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीडमधून ट्रॅक्टर-ट्रक भरून माणसे ऊसतोडीला निघतात. त्यांचीही मोजणी माणशी होत नाही. ती होते कोयत्यावर.

कोयता म्हणजे काय?

कोयता म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. मुकादम कारखान्याशी करार करतो तो ‘इतके कोयते आणतो’ असा. उचल मिळते ती कोयत्याला, आणि ती जाते नवऱ्याच्या हातात. एकटा गडी असेल तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणजे कागदावर बाई ही नवऱ्याला जोडलेला अर्धा भाग. तिचे नाव नाही, तिची मजुरी वेगळी नाही. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायची, पाणी आणायचे, लेकरांचे बघायचे आणि मग फडात जायचे. नवरा तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर आला तर भरायला पुन्हा उभी. ‘दिवसाला किती मोळ्या वाहिल्या, आक्का?’ असे कोणी विचारले तर ती हसते. ‘कोण मोजतंय?’

तिने मोजल्या नाहीत तरी माल मोजला जातो, तो कारखान्याच्या काट्यावर. गाडीत भरलेला ऊस सगळ्या टोळीचा. वजनाची चिठ्ठी येते ती मुकादमाकडे. तो टोळीतल्या कोयत्यांवर वाटणी करतो आणि आपल्या वहीत लिहितो. वही एकच आणि ती त्याची.

जरा हिशेब करून बघू. जानेवारी २०२४ मध्ये कारखानदार आणि ऊसतोड संघटनांत तडजोड झाली, दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपये होते, ते ३६६ झाले. मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले. वाहतुकीच्या प्रकाराप्रमाणे दरात थोडेफार कमी-जास्त असते, पण आपण ३६६ धरू. समजा एका जोडीने दिवसाला दोन टन तोडला. झाले ७३२ रुपये, दोघांचे मिळून. समजा उचल एक लाख घेतली होती. ७३२ ने भागा. ती फिटायला १३७ दिवस लागतात, एकही खाडा न करता. आता हंगाम शंभर दिवसांतच आटोपला, पाऊस लांबला, ऊस कमी पडला, तर? ७३,२०० रुपये फिटले, २६,८०० अंगावर राहिले. ते पुढच्या वर्षीच्या उचलीत धरले जातात, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते आणि दर काय ठरला हे विचारायला तोंड राहत नाही. मधे एखादे बाळंतपण आले, एखादा बैल मेला की सगळे गणित कोलमडते. आजारपणाचा खाडा झाला तर मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंडही कापला जातो.

हा हिशेब पाचवीतले पोर करू शकते. आपल्या गावातली किती कुटुंबे तो कागदावर लिहून ट्रकमध्ये बसतात? मुकादमाला सरसकट शिव्या घालण्यात अर्थ नाही, हेही सांगून ठेवतो. पुष्कळदा तोही काल कोयताच होता, आणि टोळी पळाली तर कारखान्याची उचल त्याच्या गळ्यात येते. वही एकाच बाजूला आहे, दुखणे तिथे आहे.

पिशवी काढलेल्या बायका

मोजणी झाली की काय होते, याचे एक कडू उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भपिशवी ऐन तिशीत काढली जाते, ही गोष्ट गावोगावी माहीत होती. बायका आपसात बोलत होत्या. फडात न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी मिळेल तसले. पाळीच्या दिवसांत डोक्यावर मोळी. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात गेले की ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असा धाक. दर महिन्याच्या खाड्यापेक्षा एकदाची काढून टाकलेली बरी, असे घरचेही म्हणत आणि बाईलाही पटे. ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतून.

२०१९ मध्ये वर्तमानपत्रांतून हे बाहेर आले, विधिमंडळात गाजले, आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी मागच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशाचा आकडा शंभरात तीनच्या थोडा वर होता. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, त्यामुळे ही तुलना काट्यावर तोलून करता येणार नाही. तरी फरक केवढा आहे ते बघा.

आकडा आला तेव्हा सरकार हलले. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना असे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आले. तोडीला जाण्याआधी आणि आल्यावर बायकांची तपासणी करावी, अशा शिफारशी झाल्या. वर्षानुवर्षे बायका जे कानात सांगत होत्या, ते पाच आकडी संख्या झाल्यावर ऐकू आले. याचा राग यायचा तर येऊ द्या, पण धडाही घ्या.

आणि अर्धवट धडा नको. ही पाहणी बायकांवर झाली, बायकांनी केली नाही. किती जणींना तो अहवाल पुन्हा कोणी वाचून दाखवला? ‘तुमच्या टोळीतल्या इतक्या जणींचे असे झाले, पुढच्या वेळी डॉक्टरला हे विचारा’ असे सांगायला किती जण परत आले? नुसता फॉर्म भरून नेला, तर माहिती गावाची जाते आणि शहाणपण शहरात राहते. आपल्याकडे पाहणीला येणारे कमी नाहीत. दुष्काळ पडला की येतात, आत्महत्या झाली की येतात. चहा पितात, अंगठा घेतात, फोटो काढतात. ‘मागच्या सालीबी आले व्हते, त्याचं काय झालं?’ हा म्हातारीचा प्रश्न चुकीचा नाही.

पुण्यातल्या कचरावेचक मावश्या

उलट बाजूने झालेले काम पाहायचे तर पुण्याला जावे लागेल. परकी माणसे नव्हेत ती. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोट हातात घेऊन जी कुटुंबे पुण्याला गेली, त्यातल्या कित्येक घरांतल्या बायका पुढे खांद्यावर पोते टाकून कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. बहुतेक दलित. पाटी-पुस्तकाशी गाठ नाही. कोणी चोर म्हणे, पोलीस हटकत, कुत्री मागे लागत.

१९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातले कार्यकर्ते कचरा वेचणाऱ्या लेकरांना शिकवायला म्हणून त्यांच्यात गेले. शाळा काढून झाली, पण त्यांच्या ध्यानात आले की आईची कमाई वाढल्याशिवाय पोरगी पोते सोडणार नाही. मग ते आयांबरोबर उकिरड्यावर गेले. उकिरडा उपसण्याऐवजी घराघरातून सुका कचरा वेगळा मिळाला तर वेळ वाचतो, माल स्वच्छ मिळतो, भाव बरा येतो, हे कोणी प्रबंध लिहून शोधले नाही. बायकांबरोबर काम करता करता कळले. सोसायटीच्या दारात उभे राहायला ओळख लागते, म्हणून विद्यापीठाने ओळखपत्रे दिली. साधा पुठ्ठ्याचा तुकडा, पण हटकले तर दाखवता येऊ लागला.

मे १९९३ मध्ये पुण्यात मेळावा झाला. आठशेवर बायका-गडी जमले. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती तिथे. दोन-तीन वर्षांत पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रावर आपली मोहोर उमटवली. पुढे बायकांची पतसंस्था आली, भंगाराची स्वतःची दुकाने आली.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते २००१ चे काम. पंचायतीतल्या पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि सहकारी यांनी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पाहणी केली. प्रश्न साधाच होता. या बायका दिवसाला किती माल वेचतात? आणि तो वेचला नसता तर तो डेपोपर्यंत वाहून न्यायला महापालिकेला किती पैसे पडले असते? उत्तर आले, एकेक बाई महिन्याला २४६ रुपयांचे काम महापालिकेला फुकट करून देते. बघा, मागणी कशी पालटली. ‘साहेब, आम्ही गरीब आहोत, काही तरी द्या’ ही जुनी भाषा. ‘साहेब, आमचे तुमच्याकडे इतके निघतात’ ही नवी. २००२-०३ मध्ये महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला घेतला. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या बायकांच्याच सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा उचलण्याचा करार झाला. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचक हा शब्द कायद्यात आला, देशभर.

सगळे गोड झाले असे नाही. करार संपत आला की भांडण नव्याने उभे राहते, यंत्रे आणि ठेकेदार दारात असतातच. पण भांडायला लागणारा आकडा हाताशी आहे, आणि तो काढताना पोते कोणाचे मोजले हे बाईला ठाऊक आहे. म्हणून सभेत ती तो स्वतः सांगते. दुसऱ्याने काढून दिलेला आकडा पाठ करावा लागतो. आपण काढलेला तोंडात बसतो.

अशी रीत जगात इतरत्रही चालली. इला भट्टांनी १९७२ मध्ये अहमदाबादला ‘सेवा’ सुरू केली, तेव्हा घरी बसून विड्या वळणारी किंवा कपडे शिवणारी बाई सरकारच्या हिशेबी ‘काम न करणारी’ होती. त्या आणि इतर देशांतल्या संघटनांनी अशा घरकामी कारागिरांची मोजणी पुढे ठेवली आणि १९९६ मध्ये जिनिव्हाला घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्यावर अजून सही केलेली नाही, हेही नोंदवून ठेवा. २००३ मध्ये जगभरच्या कामगार-सांख्यिकीवाल्यांनी असंघटित रोजगार म्हणजे काय आणि तो मोजायचा कसा हे एकदाचे ठरवले. आपल्याकडे अर्जुन सेनगुप्ता आयोगाने हिशेब मांडला तो २००७ मध्ये. शंभर कामकऱ्यांत नव्वदच्या वर असंघटित. म्हणजे पगारपत्रक, रजा, फंड असणारे आपण थोडे, आणि बाकी सगळा देश त्या बाजूला.

हे आपल्याकडे जमेल का?

जमेल का असे विचारणाऱ्याला मी लोहारा-उमरग्याची आठवण देतो. ज्या वर्षी पुण्यात तो मेळावा झाला, त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (२०२३ पासून आपण धाराशिव म्हणतो) या दोन जिल्ह्यांतली गावे आडवी झाली. घरे पुन्हा बांधायची सरकारी योजना आली, सिमेंट-सळई आली, पण कोणाला काय मिळणार, भिंतीत काय घालायचे, हे घरात राहणाऱ्या बाईला कोण सांगणार? ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने, प्रेमा गोपालन त्यामागे होत्या, गावोगावच्या बायकांतूनच संवाद सहायक उभ्या केल्या. या सहायक घरोघर जात, कोणाचे बांधकाम कुठवर आले, हप्ता मिळाला का, भूकंपात टिकेल असे बांधले आहे का, हे बघत, आणि एका गावात जमलेली युक्ती दुसऱ्या गावात सांगत. पदराआडून बोलणारी बाई इंजिनिअरला पट्टी टेकवलेला सांधा दाखवू लागली. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा आपल्या भागातल्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांना हातचे काही न राखता सगळे सांगून आल्या. पुढे दुष्काळाने गाठले तेव्हा याच जाळ्यातून एक एकराची शेती पसरली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या ताब्यात मागून घ्यायचा, त्यात ऊस-सोयाबीन न घेता घरच्या खाण्याचे डाळ-धान्य-भाजी लावायची. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक या कामाला मिळाले. प्रेमाताई २०२२ मध्ये वारल्या.

तेव्हा बाईने बाईला शिकवणे हे आपल्या मातीला नवे नाही. शिकलेल्यांचाही दुष्काळ नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार आपल्याच जिल्ह्यात तुळजापूरला आहे. गावात राहून अभ्यास करणे हा तिथल्या मुला-मुलींच्या शिक्षणाचा भागच आहे. तेरच्या हायस्कुलात शिकलेली पोरे आहेत, आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत. बचत गटाची वही तर जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहे. दहा-दहा रुपयांचा हिशेब चोख ठेवणारी बाई टनाचा ठेवू शकणार नाही, हे मला पटत नाही.

मोजायचे काय? फार नाही. टोळी निघण्याआधी जोडीतल्या दोघांची नावे वेगवेगळी लिहा. उचल किती, कोणत्या तारखेला, कोणाच्या हातात. मागची बाकी किती धरली. टनाचा दर काय सांगितला. मग फडावर रोज संध्याकाळी गाडीचे वजन किती भरले आणि टोळीत कोयते किती. मोबाईल प्रत्येक टोळीत असतो, वजनाच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवायला अक्षर ओळख लागत नाही. खाडा कोणाचा, कशाने, दंड किती. वाढे विकून किती आले. दवाखान्यात कोण गेले, डॉक्टरने काय सांगितले. दोनशे पानी वही पुरते. परत आल्यावर पाच-सहा टोळ्यांच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्या, तर त्याच कारखान्यावर एका मुकादमाच्या टोळीला टनामागे किती पडले आणि दुसऱ्याच्या टोळीला किती, हे पारावर बसल्या बसल्या कळेल. पुढच्या दसऱ्याला बोलणी करताना ते उपयोगी पडेल. आणि एखाद्या बाईला पिशवी काढायचा सल्ला मिळाला असेल, तर आधी दोघीतिघींनी मिळून सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्यायचे, एवढे ठरवता येईल.

भीती आहे, ती लपवत नाही. मुकादमाला वही दिसली तर तो म्हणेल, ‘माझ्यावर भरोसा न्हाई का?’ उचल दुसऱ्याला देईन म्हणेल. एकट्या जोडीने वही काढली तर हे होणारच. सगळ्या टोळीची एक वही असेल तर सगळी टोळी तो सोडू शकत नाही, माणसे त्यालाही हवी असतात. पुण्यातल्या बायका एकेकट्या असताना चोर होत्या, आठशे झाल्या तेव्हा पंचायत झाल्या.

कागदाची दुसरी बाजू सरकारी आहे. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांची गावोगाव नोंद करून ओळखपत्र द्यायचे ठरले, काम ग्रामसेवकाकडे (हुद्द्याचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी). गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारकडून घ्यायचे असे ठरले. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. केंद्राचे ई-श्रम कार्ड ऑगस्ट २०२१ पासून निघते. पण या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो, तू ऊसतोड कामगार कशावरून? बाईला तर हे सिद्ध करणे आणखी अवघड, कारण करारावर नाव नवऱ्याचे. टोळीच्या वहीत तिचे नाव, तारखा आणि वजने असतील तर ग्रामपंचायतीत दाखवायला काही तरी असेल.

तुलनेसाठी मुंबई-पुण्याच्या बाजारातला हमाल बघा. १९६९ चा माथाडी कायदा आहे. मालकाची नोंद मंडळात, हमालाचीही मंडळात, मजुरी मंडळामार्फत, वर फंडासाठी जादा टक्के. पोत्यागणिक नोंद होते, म्हणून म्हातारपणी काही हाताला लागते. ऊसतोडीलाही असेच मंडळ हवे ही मागणी जुनी आहे. २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली, त्यातल्या अठरा व्यवसायांत गोरोबाकाकांचा कुंभार आहे, ही चांगलीच गोष्ट. ऊस तोडणारा त्यात नाही. अवजार त्याचेही आहे, पण तो कारागीर गणला जात नाही.

गोरोबाकाकांची ती गोष्ट तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. संत मंडळी जमली, मुक्ताबाईने विचारले आणि काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते सांगितले. कीर्तनात आपण नामदेवांच्या रुसण्याला हसतो. पण काकांना ते कळत होते कशामुळे? रोज आव्यातली मडकी वाजवून. हाताखालून गेलेल्या मालाचा आवाज त्यांना ओळखता येत होता. ऊस तोडणाऱ्या बाईलाही कोणता फड वजनाला भरेल, कोणत्या चिठ्ठीत टन खाल्ला आहे, हे कळते. फक्त तिच्या कळण्याची नोंद कुठे नसते.

यंदा टोळ्या निघायला लागल्या की तेरच्या स्टँडवर, ढोकीच्या रस्त्याला ट्रक उभे दिसतील. वर भांडीकुंडी, कोपीची बांबू-ताडपत्री, मधे लेकरं, म्हातारी, बकरी. तुमच्या ओळखीचे कोणी त्यात असेल तर एक वही आणि दोन पेन द्या. पहिल्या पानावर दोघांची नावे तुम्हीच लिहून द्या, आधी तिचे.